तीन सेकंद, एक भोंगा

यूट्यूबवर ती क्लिप शोधायला कष्ट पडत नाहीत. म्युनिक, १९७२, बास्केटबॉल फायनल एवढं टाइप केलं की पहिल्या दोन-तीनमध्येच येते. चित्र धुरकट आहे आणि कॉमेंटेटरला काय चाललंय ते कळत नाहीये, हे आपल्याला लगेच कळतं. आधी अमेरिकेचे खेळाडू जिंकलो म्हणून उड्या मारतात. काही मिनिटांनी, त्याच मैदानावर, त्याच सामन्यात, सोव्हिएत खेळाडू जिंकलो म्हणून एकमेकांच्या अंगावर पडतात. दोन्ही वेळा आनंद अगदी खरा.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते आणि मी ऑन-कॉल होते. आमच्या दोन सर्व्हरची घड्याळं एकमेकांपासून काही सेकंदांनी सरकली होती. त्यामुळे लॉगमध्ये ‘पैसे परत केले’ ही ओळ ‘पैसे घेतले’ या ओळीच्या आधी दिसत होती. दुरुस्ती सर्व्हरवर चढेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मोबाइल हातात घेतला. घड्याळाच्या भानगडीतून सुटायला मोबाइल उघडावा आणि समोर घड्याळाचीच भानगड यावी, असं झालं. त्यानंतर गेली दोन वर्षं मी हा सामना सोडलेला नाही. जे मिळेल ते वाचलंय, शेवटची तीन सेकंदं थांबवून थांबवून पाहिलीयत. सुरुवातीला माझं मत साधं होतं: अमेरिकेचं सुवर्ण चोरीला गेलं. आता ते मत तितकं साधं राहिलेलं नाही.

आधी त्या रात्रीबद्दल. ५ सप्टेंबरला ऑलिंपिक व्हिलेजमध्ये ‘ब्लॅक सप्टेंबर’च्या अतिरेक्यांनी इस्रायलच्या पथकावर हल्ला केला. त्यात इस्रायलचे अकरा जण मारले गेले. स्पर्धा थांबली, शोकसभा झाली आणि स्पर्धा पुन्हा सुरू झाली. ती सुरू करायला हवी होती का, हा वाद आजही होतो. बास्केटबॉलची फायनल ९ सप्टेंबरच्या रात्री पावणेबाराला लागली, कारण अमेरिकेतल्या टीव्हीला ती वेळ सोयीची होती. म्हणजे सामन्याचा निकाल लागला तेव्हा तारीख १० झाली होती.

अमेरिका तोवर ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल हरलीच नव्हती. १९३६ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तेव्हापासून सलग सात सुवर्णं, सलग ६३ विजय. सोव्हिएत संघ १९५२ पासून चार वेळा रौप्यावर आणि १९६८ मध्ये कांस्यावर थांबला होता. पण आकड्यांवरून वाटतं तेवढा हा सामना एकतर्फी नव्हता. अमेरिका कॉलेजची पोरं पाठवायची. व्यावसायिक खेळाडूंना तेव्हा बंदी होती. शिवाय त्यांचा त्या वेळचा सगळ्यात मोठा कॉलेज खेळाडू, बिल वॉल्टन, आलाच नव्हता. समोर वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली, कागदावर हौशी पण प्रत्यक्षात पूर्णवेळ खेळणारी माणसं होती. कर्णधार मोदेस्तास पाउलाउस्कास लिथुआनियाचा, झुराब साकांदेलिद्झे आणि मिखाईल कोर्किया जॉर्जियाचे, इव्हान येदेश्को बेलारूसचा. आज हाच संघ उभा करायचा तर चार-पाच पासपोर्ट लागतील.

अमेरिकेचे प्रशिक्षक हँक आयबा ६८ वर्षांचे होते. १९६४ आणि १९६८ ची सुवर्णं त्यांच्याच हाताखाली आली होती. चेंडू सांभाळा, घाई करू नका, बचाव घट्ट ठेवा, हा त्यांचा खाक्या. धावणाऱ्या पोरांना त्यांनी चालायला लावलं. मध्यंतराला सोव्हिएत संघ २६-२१ ने पुढे होता. दुसऱ्या डावात कोर्किया आणि अमेरिकेचा ड्वाइट जोन्स यांच्यात झटापट होऊन दोघंही बाहेर गेले. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा फरक दहा गुणांचा होता, आणि तेव्हा तीन गुणांची रेषा नव्हती, म्हणजे दहा गुण भरून काढायला पाच बास्केट हवेत. तिथून केव्हिन जॉइस आणि मंडळींनी आयबांचा खाक्या बाजूला ठेवला आणि संपूर्ण मैदानभर दाबून खेळायला सुरुवात केली. फरक कमी होत होत एकावर आला. चोरी म्हणणारे लोक हा भाग सांगत नाहीत. चाळीस मिनिटांच्या सामन्यात शेवटच्या तीन सेकंदांपर्यंत अमेरिका एकदाही आघाडीवर नव्हती.

आता शेवट. ४९-४८, सोव्हिएत संघ पुढे. दहाच्या आत सेकंद. अलेक्झांडर बेलोव्हचा प्रयत्न टॉम मॅकमिलननं अडवला. चेंडू परत बेलोव्हकडेच आला आणि त्यानं तो मैदानाच्या मध्याकडे साकांदेलिद्झेसाठी फेकला. नुसता धरून ठेवला असता तरी चाललं असतं. डग कॉलिन्स मधे घुसला, चेंडू घेऊन रिंगकडे सुटला आणि साकांदेलिद्झेनं त्याला खालून उडवलं. कॉलिन्स रिंगच्या खांबापाशी जाऊन आदळला. काही क्षण तो शुद्धीवर आहे की नाही हेच कळेना. घड्याळात तीन सेकंद, कॉलिन्सला दोन फ्री थ्रो. २१ वर्षांचं पोर, डोकं गरगरतंय, आणि आयुष्यातले सगळ्यात महत्त्वाचे दोन चेंडू.

पहिला आत. ४९-४९. दुसऱ्यासाठी तो हात उचलतोय आणि टेबलावरचा भोंगा वाजला.

क्लिपमध्ये इथे थांबवा. पंच रेनातो रिगेत्तो, ब्राझीलचे, टेबलाकडे वळून बघतात आणि खेळ थांबवत नाहीत. कॉलिन्स चेंडू टाकतो. आत. ५०-४९. अमेरिका पहिल्यांदाच पुढे.

भोंगा कशासाठी होता? सोव्हिएत प्रशिक्षक व्लादिमीर कोंद्राशिन यांना टाइम-आउट हवा होता. त्या वेळचा नियम असा: पहिल्या फ्री थ्रोच्या आधी किंवा दोघांच्या मधे टाइम-आउट घेता येतो. दुसरा थ्रो टाकायला खेळाडू सरसावला की संधी गेली. त्यासाठी प्रशिक्षकाच्या बाकापाशी बटण होतं. ते दाबलं की टेबलावर दिवा लागे. कोंद्राशिन म्हणत राहिले की आम्ही वेळेत मागितला होता आणि दोन थ्रोच्या मधे हवा होता. दुसरी बाजू अशी सांगतात की टेबलवाल्यांना तो पहिल्या थ्रोच्या आधीच द्यायचा होता, तेव्हा घेतला नाही म्हणून त्यांनी मागणी रद्द झाली असं धरलं. तिसरं म्हणणं, बटण उशिरा दाबलं गेलं. दिवा लागला कधी आणि विझला कधी, याचा लॉग नाही.

इथे मला टेबलाबद्दल बोलायचंय, कारण त्या टेबलाकडे कोणी बघत नाही. मी इंजिनिअरिंगला असताना तीन वर्षं अशाच एका टेबलावर बसले. खेळण्यात मी यथातथाच होते, पण अक्षर बरं होतं आणि नियम पाठ होते. त्यामुळे स्कोअरशीट आणि घड्याळ माझ्याकडे. घड्याळ म्हणजे माझाच मोबाइल, भोंगा म्हणजे ग्रंथालयातून आणलेली बेल. शेवटच्या वर्षी मुलांच्या फायनलला कॉम्प्युटर विरुद्ध मेकॅनिकल होतं. शेवटचे सहा सेकंद, आम्ही एका गुणानं मागे. चेंडू आत आला आणि मी चेंडूकडेच बघत राहिले. बोट स्टार्टवर होतं, पण दाबलं ते आमच्या पोरानं दोन वेळा चेंडू टप्पा पाडल्यावर. दीड सेकंद गेला असेल, कदाचित थोडा जास्त. त्यानं शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू आत गेला, मी बेल वाजवली आणि आमचा अख्खा विभाग मैदानात घुसला.

मेकॅनिकलचा कॅप्टन टेबलापाशी आला. भांडायला नाही, विचारायला. “काय गं, घड्याळ वेळेत चालू केलं होतंस ना?”

“हो रे,” मी म्हणाले.

तो मान हलवून गेला. मी स्कोअरशीटवर सही केली.

म्हणून म्युनिकच्या त्या टेबलावर बसलेल्यांना मी शिव्या देऊ शकत नाही. तिथे तर भोवती हजारो लोक, बाजूला कॅमेरे, आणि पाच दिवसांपूर्वी त्याच गावात झालेला रक्तपात.

परत मैदानावर. कॉलिन्सचा दुसरा थ्रो आत गेल्यावर सोव्हिएत खेळाडूंनी चेंडू लगेच खेळात आणला. नियमाप्रमाणे आता टाइम-आउट नाही. सेर्गेई बेलोव्ह चेंडू घेऊन कडेनं निघाला होता. पण त्यांचा सहायक प्रशिक्षक टेबलापाशी धावत येऊन ओरडत होता, गोंधळ उडाला आणि रिगेत्तोंनी एक सेकंद बाकी असताना खेळ थांबवला. इतकं सगळं ठीक. पुढचं पाऊल ठीक नाही. प्रेक्षकांतून एक गृहस्थ खाली आले: विल्यम जोन्स, आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे सरचिटणीस, १९३२ साली संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक. त्यांनी तीन बोटं दाखवली. घड्याळ तीन सेकंदांवर न्या. चालू सामन्यात असा हुकूम देण्याचा अधिकार नियमपुस्तकानं त्यांना दिलेला नव्हता. पण या खेळात त्यांचा शब्द मोडणारं त्या हॉलमध्ये कोणी नव्हतं.

माझं खरं भांडण इथे आहे, आणि ते अमेरिकेच्या भांडणापेक्षा वेगळं आहे. समजा, टेबलाची चूक झाली आणि टाइम-आउट दोन थ्रोच्या मधे द्यायला हवा होता, हे मान्य केलं. मग मागे जायचं तर पूर्ण मागे जायला हवं: ४९-४९, टाइम-आउट, आणि मग कॉलिन्सनं दुसरा थ्रो पुन्हा टाकायचा. डेटाबेसमध्ये काम करणाऱ्या कोणालाही हे लगेच कळेल. व्यवहार अर्धा मागे घेता येत नाही. एक तर सगळा ठेवा, नाही तर सगळा पुसा. जोन्स यांनी वेळ मागे नेली आणि गुण तसेच ठेवले. अमेरिकेला ५० वा गुण मिळाला, सोव्हिएत संघाला ज्या क्षणी टाइम-आउट मिळू शकत नव्हता त्या क्षणी तो मिळाला. अशी परिस्थिती नियमाप्रमाणे उभीच राहू शकत नाही. आणि जर टेबलाची चूक मान्य नसेल, तर घड्याळात एक सेकंद होता, एकच द्यायचा. तीन सेकंद आणि ५०-४९ हे दोन्ही एकत्र कुठल्याच हिशेबात बसत नाही.

त्यानंतरची गोष्ट तुम्हाला वाटते त्याच्या उलट आहे. दुसऱ्यांदा खेळ सुरू झाला तेव्हा फलकाकडे बघा. तिथे तीन सेकंद नाहीत, ५० आहेत. घड्याळ अजून लावून व्हायचं होतं आणि पंचांनी चेंडू खेळात दिला. येदेश्कोनं पाउलाउस्कासला आखूड पास दिला, त्यानं लांब फेकला, आणि फेकताफेकताच भोंगा वाजला. चेंडू बास्केटमध्ये गेला नाही. अमेरिकन बाक मैदानात घुसला, मिठ्या, उड्या, रडारड. क्लिपमधला तो पहिला आनंद हाच.

पण तीन सेकंद झालेच नव्हते. जेमतेम एक झाला होता. तो भोंगा सामना संपल्याचा नव्हता. घड्याळच तयार नव्हतं. एकाच भोंग्याला त्या रात्री तीन अर्थ होते. टाइम-आउटचा वाद, थांबा, आणि संपलं. तीन वेगळ्या गोष्टींना एकच आवाज दिला की ऐकणारा आपल्याला हवा तो अर्थ घेतो. आमच्याकडे असा कोड कोणी लिहिला तर रिव्ह्यूमध्येच परत येतो. म्हणजे तिसऱ्यांदा खेळवण्याचा निर्णय, ज्यावर अमेरिकेत सगळ्यात जास्त संताप झाला, तो माझ्या मते त्या रात्रीतला सगळ्यात समजण्यासारखा निर्णय. एकदा तीन सेकंद द्यायचे ठरल्यावर ते द्यायलाच हवेत. चूक त्याच्या आधीच्या पायरीवर झाली होती. पण संताप नेहमी शेवटच्या पायरीवर निघतो, कारण कॅमेरा तिथे असतो.

तिसरी वेळ. येदेश्को आपल्या रिंगखाली रेषेबाहेर उभा. दुसऱ्या वेळी त्याच्या समोर हात उंचावून ६ फूट ११ इंचांचा मॅकमिलन होता. आता बल्गेरियाचे दुसरे पंच आर्तेनिक अराबाजियान हातानं काहीतरी खूण करतात आणि मॅकमिलन मागे सरकतो. मागे व्हायला सांगितलं असं त्याला वाटलं. तसं सांगितलंच नाही, असं अराबाजियान नंतर म्हणत राहिले. ब्राझीलचा पंच, बल्गेरियाचा पंच, जर्मन टेबल, इंग्रज सरचिटणीस, आणि मधे हाताच्या खुणा. येदेश्कोसमोर आता कोणीच नव्हतं. त्यानं चेंडू मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेकला. अलेक्झांडर बेलोव्ह जॉइस आणि जिम फोर्ब्स यांच्या मधे उडाला. जॉइस वेगात बाहेर गेला, फोर्ब्स खाली पडला, आणि बेलोव्ह रिंगखाली एकटा. त्यानं शांतपणे चेंडू आत ठेवला. ५१-५०. काही सेकंदांपूर्वी चेंडू घालवून बसलेला तोच बेलोव्ह. वय २०.

या धक्काबुक्कीत आयबांच्या खिशातलं पाकीटही कोणीतरी मारलं, ३७० डॉलर गेले. हे वाचून मी हसले आणि मग हसल्याबद्दल वाईट वाटलं.

अमेरिकेनं तक्रार केली. पाच जणांच्या समितीनं ती फेटाळली. मतदान गुप्त होतं, पण तीन विरुद्ध दोन असं झालं आणि हंगेरी, पोलंड, क्यूबा एका बाजूला, इटली आणि पोर्तो रिको दुसऱ्या बाजूला होते, असंच सगळीकडे सांगितलं जातं. तीन कम्युनिस्ट देश, म्हणून निकाल ठरलेलाच होता, असं अमेरिकेत तेव्हापासून म्हटलं जातं. असेलही. पण ‘व्यवहार अर्धा का मागे घेतला’ हा प्रश्न कुणाच्या चर्चेत माझ्या वाचनात आला नाही. शीतयुद्ध एवढं सोयीचं उत्तर होतं की त्यापुढे नियम उघडून बघायची गरजच उरली नसावी. रिगेत्तो मात्र स्कोअरशीटवर सही करायला तयार झाले नाहीत. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

अमेरिकेच्या बारा खेळाडूंनी रौप्य घ्यायला नकार दिला. पदक समारंभात दुसरी पायरी रिकामी राहिली. त्याच दिवशी, त्याच गावात, हॉकीच्या फायनलमध्ये पश्चिम जर्मनीकडून ०-१ हरल्यावर पाकिस्तानचे खेळाडूही पंचगिरीवर चिडले. पदकं घेतानाच्या वागण्याबद्दल त्यांच्यावर बंदी आली. तिथे कांस्य घेऊन बाजूला उभी होती ती आपली टीम. आपल्याकडे म्युनिकच्या वादग्रस्त फायनलची आठवण काढली तर जुनी माणसं बहुधा हीच सांगतील.

पुढे १९८८ मध्ये सोलला सोव्हिएत संघानं अमेरिकेला पुन्हा हरवलं, कसलाही वाद न होता. चारच वर्षांनी बार्सिलोनात अमेरिकेनं व्यावसायिक खेळाडूंची ‘ड्रीम टीम’ उतरवली. तोवर सोव्हिएत संघच नकाशावरून गेला होता. आता शेवटच्या मिनिटात घड्याळ सेकंदाचा दहावा भाग दाखवतं आणि पंच व्हिडिओ बघून वेळ दुरुस्त करतात. २०१७ मध्ये रशियात या सामन्यावर सिनेमा आला आणि तो तिथला तोवरचा सगळ्यात जास्त कमाई करणारा सिनेमा ठरला. त्यात तीन सेकंद म्हणजे देशाचा पराक्रम आहे. अमेरिकन माहितीपटांत तीच तीन सेकंदं म्हणजे दरोडा. दोन्हींत टेबलावरच्या माणसांना जेमतेम जागा आहे.

शेवटचा चेंडू घालणारा अलेक्झांडर बेलोव्ह १९७८ मध्ये हृदयाच्या कर्करोगानं गेला. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. दोन्ही फ्री थ्रो घालूनही हरलेला कॉलिन्स पुढे व्यावसायिक खेळाडू, प्रशिक्षक आणि समालोचक झाला. मॅकमिलन अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. अमेरिकेचा कर्णधार केनी डेव्हिस यानं तर मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की आपल्या मागे बायकोनं किंवा मुलांनी ते रौप्य कधीही स्वीकारू नये.

मेकॅनिकलचा तो कॅप्टन आता दुसऱ्या शहरात आहे. वाढदिवसाला आम्ही एकमेकांना मेसेज करतो. मागच्या वर्षी मी त्याला ही क्लिप पाठवली, सोबत काही न लिहिता. त्यानं उत्तर दिलं, “भारी आहे! पण दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा घड्याळ चुकीचं होतं, बघ.” मी टाइप करायला घेतलं आणि थांबले. फोनवर बोलायला हवं, असं ठरवलं. तो फोन अजून झालेला नाही.

बारा रौप्यपदकं स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ऑलिंपिक समितीकडे कुलपात आहेत.